एक तारखेची गोळी

मी रत्नागिरीतल्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे आणि सात वर्षांत माझ्यामुळे कुणाला उशिरापर्यंत थांबावं लागलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून ही बाई अगदीच गबाळी दिसते असं तुम्हाला वाटणार आहे. अठ्ठावीस गोळ्यांच्या एका पाकिटाचा हिशेब मला तीन महिने जुळवता आला नाही.

लग्न मे महिन्यात झालं, ऐन आंब्याच्या धांदलीत. निदान दोन वर्षं तरी मूल नको, यावर आमचं दोघांचं एकमत होतं. त्यासाठी काय करायचं, यावर चर्चा अशी झालीच नाही. नवरा म्हणाला, "गोळ्या असतात ना?" असतात. विषय संपला. पुढचं सगळं गोळी गिळणारीने बघायचं असतं, हे त्या एका वाक्यात गृहीत होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

गोळ्या आणायला मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मेडिकलात गेले. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. रत्नागिरीत असं मेडिकल नसतं. काउंटरला आमच्या संस्थेचे दोन खातेदार उभे होते. ते जाईपर्यंत मी खोकल्याची औषधं न्याहाळली, एक बाटली विकतसुद्धा घेतली. मग हळूच गोळ्यांचं नाव घेतलं. दुकानातल्या पोराने पाकीट कागदात गुंडाळून असं दिलं की जणू मी चोरीचा माल नेते आहे. वय किती, बीपी आहे का, आणखी कसली औषधं चालू आहेत, काही म्हणजे काही विचारलं नाही. त्या वेळी मला त्याचं फार बरं वाटलं.

पाकिटात एकवीस पांढऱ्या आणि सात विटकरी रंगाच्या गोळ्या होत्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन असते ना, तिचीच ही जात. सोबत एक कागद होता, सोळा घड्या घातलेला, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांचा. तो मी खोकल्याच्या औषधाच्या बिलाबरोबर कचऱ्यात टाकला.

आता माझी पहिली चूक. मे महिन्याची पाळी येऊन दहा दिवस होऊन गेले होते. पण कुठलंही नवं खातं एक तारखेला उघडावं, ही माझी सवय. म्हणून एक जूनला पहिली गोळी घेतली आणि त्याच दिवसापासून आम्ही निर्धास्त झालो. खरं म्हणजे गोळी पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू केली तरच लगेच भरवसा ठेवता येतो. त्यानंतर केली, तर पहिले सात दिवस निरोध वापरायला हवा. हे त्या सोळा घड्यांच्या कागदात लिहिलेलं होतं.

दुसरी चूक विटकरी गोळ्यांची. त्या लोहाच्या असतात, बाकी काही नाही, असं कुणीतरी सांगितलं. ते खरंही आहे. मी म्हटलं, रोज नाचणीची भाकरी खाते, मला कशाला लोह? एकवीस जूनला पांढऱ्या संपल्या, विटकरी फेकून दिल्या आणि पुढचं पाकीट एक जुलैला उघडलं. एक तारखेला! हिशेब मांडून बघा. बावीस ते तीस जून, नऊ दिवस. पुढच्या महिन्यात बावीस ते एकतीस जुलै, दहा दिवस. परवानगी सातचीच असते.

सातच का, हे मला डॉक्टर मॅडमनी नंतर समजावलं, तेही कागदावर चित्र काढून. पांढऱ्या गोळीत दोन संप्रेरकं असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. शरीरात ती रोज येत राहिली की मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप थांबतो आणि बीज बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव इतका घट्ट होतो की शुक्राणूंना वाट मिळत नाही. विटकरी गोळ्यांच्या सात दिवसांत रक्तस्राव होतो, पण ती खरी पाळी नव्हे, औषध थांबल्याचा तो परिणाम. तेवढे दिवस बीजकोश दबलेलाच असतो. आठव्या-नवव्या दिवसापासून मात्र तो डोळे किलकिले करायला लागतो. म्हणजे मधली एखादी गोळी चुकण्यापेक्षा नवं पाकीट उशिरा सुरू करणं अधिक घातक. विटकरी गोळ्या पोटात जाऊन मोठं काम करतात असं नाही, त्या दिवस मोजायला दिलेल्या असतात. जपमाळेतले मणीच म्हणा. मी नेमके तेच फेकले होते.

घरात सल्ल्यांची कमी नव्हती. थोरल्या जावेने एकदा मला रात्री गोळी घेताना पाहिलं आणि म्हणाली, "रोज कशाला गो घेतेस? मी आठवड्यातनं दोनदाच घेते." दोन दिवस मी डोकं धरून बसले. तिची बरोबर की माझी? शेवटी तिच्याकडे येणाऱ्या आशाताईंना गाठलं. त्या हसायलाच लागल्या. जावेची गोळी म्हणजे छाया. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरकं नसलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची. माझी रोजची. "आणि तिसरी एक असते," आशाताई म्हणाल्या, "संबंध आल्यावर बहात्तर तासांत घ्यायची. ती अडीअडचणीची, रोजची नव्हे." सगळ्यांना आपण 'गोळी' हा एकच शब्द वापरतो आणि मग वहिनीची गोळी नणंद घेते. आशाताईंच्या वहीत याचे किती किस्से असतील, देव जाणे.

जुलैत एकदा कोल्हापूरला जायचं होतं. रात्री जेवून, गोळी घेऊन एसटीत बसले. साखरपा मागे पडलं, आंबा घाटाची वळणं सुरू झाली आणि पोटातलं सगळं बाहेर आलं. गोळी घेऊन जेमतेम दोन तास झाले होते. तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यायची असते. मी आल्याची वडी घेतली.

त्या तीन महिन्यांत मळमळ, छाती जड होणं, मधूनच दिसणारा लाल डाग, हे सगळं झालं. सुरुवातीला असं होतं आणि बहुतेक जणींचं दोन-तीन पाकिटांत थांबतं. या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, असं शेजारच्या काकूंनी बजावलं. ते साफ खोटं. गोळी बंद केली की बीज पुन्हा सुटायला लागतं, म्हणून तर एवढी कटकट. वजनाचंही तेच, गोळीमुळे बाई फुगते असा काही ठोस पुरावा अभ्यासांत सापडलेला नाही.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, कारण तिचा गोळीशी संबंध असेल असं मनातही आलं नाही.

बावीस जुलैची दुपार. बाहेर धो धो पाऊस, संस्थेत दोनच खातेदार. मी मुदत ठेवींचं रजिस्टर तपासत होते. एका ओळीवर 4,350 असा आकडा होता. मला चार दिसला, शेवटचं शून्य दिसलं, मधले दोन अंक दिसेनात. कागदाला पाणी लागलं असेल म्हणून बोट फिरवलं. बोटाचंही टोक गायब. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेने एक नागमोडी, चकाकणारी रेघ उमटली. वेल्डिंगकडे बघितल्यावर डोळ्यांपुढे राहते तशी, पण हलणारी. ती हळूहळू मोठी होत डाव्या बाजूला सरकली आणि वीसेक मिनिटांत विझली. मग कपाळाची उजवी बाजू ठणकायला लागली, संध्याकाळपर्यंत. कॉलेजात असताना असं दोन-तीनदा झालं होतं. आई म्हणायची, अर्धशिशी आहे, आपल्याकडे सगळ्यांनाच असते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा झालं. नवरा म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढला असेल. नंबर तपासून घेतला, वाढला नव्हता. मग आम्ही दोघांनी मिळून दोष कॉम्प्युटरला दिला.

माझी सुटका केली ती गणपतीने. सत्तावीस ऑगस्टला चतुर्थी. पंधरा दिवस आधी सासूबाईंनी विचारलं, "तुझी तारीख कधी गो?" मी हिशेब सांगितला. नेमकी चतुर्थीच्या सुमारास. त्या म्हणाल्या, "मग ती पुढे ढकलायची गोळी आण. सगळ्याच घेतात." घेतात खऱ्या. गणपतीच्या आधी कोकणातल्या मेडिकलांत त्या गोळीला किती मागणी असते ते कुणालाही विचारा. पण माझ्या पोटात आधीच एक गोळी रोज जात होती. दोन गोळ्यांचं आपसात जमेल का, या एका शंकेपायी मी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले. पाळी पुढे ढकलायला. गोळी सुरू करताना जायला हवं होतं, हे वेगळं सांगायला नको.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अगं, वेगळी गोळी कशाला? तू जी घेतेस तिच्या विटकरी गोळ्या सोडून सरळ नवं पाकीट सुरू केलंस की झालं. पाळी येतच नाही." मला तर हसूच आलं. देवाच्या नावाने बाहेरून दुसरं औषध आणायची गरजच नव्हती. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला आणि विचारायला सुरुवात केली. सिगारेट नाही, ठीक, मशेरी लावतेस? पायाला कधी गाठ धरून सूज आली होती? कावीळ? छातीत कधी गाठ लागली हाताला? टीबीची औषधं? फिटच्या गोळ्या? या शेवटच्या दोन्हींतली काही औषधं गर्भनिरोधक गोळी यकृतात झपाट्याने संपवतात आणि मग गोळी घेऊनही दिवस राहतात. मागचं पाकीट कधी उघडलंस, पुढचं कधी? मी एक तारखेची कथा सांगितली. त्यांनी काही न बोलता लघवीची तपासणी करायला पाठवलं. त्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते की नाही, हे बघत मी जी दोन मिनिटं काढली, तितकी लांब मिनिटं मी पतसंस्थेच्या ऑडिटातही काढलेली नाहीत. एकच रेघ आली.

मग त्यांनी विचारलं, "डोकं दुखतं का कधी?"

"अर्धशिशी आहे थोडी."

"दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं?"

मी 4,350 ची गोष्ट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजपासून ही गोळी बंद. उद्यापासून नाही, आजपासून."

गोळीतलं इस्ट्रोजेन यकृताला रक्त गोठवणारे घटक जास्त बनवायला लावतं, त्यामुळे शिरांत गाठ होण्याची शक्यता थोडी वाढते. ज्यांची अर्धशिशी अशी चमकत येते, त्यांच्यात मेंदूचा रक्तपुरवठा अडण्याचा, म्हणजे पक्षाघाताचा, धोका मुळातच जरा जास्त असतो. दोन्ही एकत्र आले की तो आणखी चढतो. 2017 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, दोन्ही नसलेल्या बाईच्या तुलनेत तो सुमारे सहापट निघाला. तरुण वयात पक्षाघात मुळातच इतका विरळा की सहापट होऊनही तो विरळाच राहतो, हेही मॅडमनी सांगितलं. पण दुसरे चांगले उपाय हाताशी असताना हा धोका पत्करायचा कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत अशा अर्धशिशीसाठी या गोळीपुढे स्पष्ट मनाई आहे. तशीच मनाई बीपी 160/100 च्या वर असलेल्यांना, पस्तिशी ओलांडून दिवसाला पंधरा सिगारेटी ओढणाऱ्यांना आणि अंगावर पाजणाऱ्या बाळंतिणीला पहिले सहा आठवडे.

घरी येऊन मी शिल्लक पाकिटातला कागद उलगडला आणि पोळपाटावर पसरून भिंगाने वाचला. मग हिशेबनीस जागी झाली आणि आणखी बरंच वाचून काढलं. एक आकडा मला तीनदा वाचावा लागला. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार जणींत वर्षाला 1 ते 5 जणींच्या शिरांत रक्ताची गाठ होते. गोळी घेणाऱ्या दहा हजारांत 3 ते 9. वाढ आहेच, नाही कोण म्हणतं? पण गरोदरपणात हाच आकडा 5 ते 20 असतो, आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत, वर्षाच्या दराने मोजला तर, 40 ते 65. म्हणजे ज्या बायका गाठीला भिऊन गोळी सोडतात आणि नको असताना ज्यांना दिवस राहतात, त्यांनी लहान खड्डा टाळून मोठ्यात पाय घातलेला असतो. कर्करोगाचं खातंही असंच दोन्ही बाजूंनी भरलेलं. स्तनाच्या कर्करोगात किंचित वाढ. डेन्मार्कमधल्या 2017 च्या मोठ्या अभ्यासात वर्षाला साधारण 7,690 जणींमागे एक जादा रुग्ण. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका पाचेक वर्षांच्या वापरानंतर वाढतो. पण बीजकोशाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कमी होतो, तोही गोळी सोडल्यावर कित्येक वर्षं.

परिणामकारकतेचा आकडाही मी आधी चुकीचा वाचला होता. 100 पैकी 7 जणींना दिवस राहतात, हे वाचून मला वाटलं दर वेळेला 7 टक्के! तसं नाही. शंभर जणींनी वर्षभर घेतली तर पहिल्या वर्षात सात. आणि अजिबात न चुकता घेतली तर हजारात तीन. एकच गोळी, एकच कारखाना. हजारात तीन आणि हजारात सत्तर यांच्यामधलं जे अंतर आहे, त्यात माझ्यासारख्या एक तारखेला पाकीट उघडणाऱ्या बायका राहतात.

तो कागद पाकिटात आला कसा, याचाही शोध लागला. 1956 मध्ये पोर्तो रिकोच्या गरीब वस्तीतल्या बायकांवर या गोळीची मोठी चाचणी झाली. त्यांनी चक्कर, ओकाऱ्या, डोकेदुखीच्या तक्रारी केल्या, त्या फारशा कुणी मनावर घेतल्या नाहीत. 1960 मध्ये अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली तेव्हा एकेका गोळीत 150 मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं. आज माला-एनमध्ये 30 आहे. 1970 मध्ये तिथल्या सेनेटसमोर गोळीच्या धोक्यांवर सुनावणी झाली, पण साक्षीला गोळी घेणारी एकही बाई बोलावली नव्हती. बायका सभागृहात उठून ओरडल्या. त्यानंतर धोके सांगणारा कागद पाकिटात घालणं तिथे सक्तीचं झालं. दुसऱ्या खंडातल्या बायकांनी भांडून मिळवलेली ती गोष्ट मी न वाचता कचऱ्यात टाकली होती.

आणि दूर तरी कशाला जायचं? आमच्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो. गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरीवर पाणी सोडलं, 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. 1953 मध्ये ते गेले, गोळी बाजारात यायच्या सात वर्षं आधी. त्यांच्या जिल्ह्यातली हिशेब करणारी बाई शंभर वर्षांनी खोकल्याच्या औषधाआडून गोळ्या विकत घेते, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी पुढच्या अंकात माझी सालटी काढली असती. नवऱ्याचीही काढली असती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 37.9 टक्के जोडप्यांत बाईचं ऑपरेशन झालेलं आढळलं आणि पुरुषाचं 0.3 टक्के. या आकड्यांवर मी काही बोलत नाही, रात्री जेवताना फक्त मोठ्याने वाचून दाखवले.

अठरा ऑगस्टला गोळी बंद केली, दोन दिवसांनी रक्तस्राव सुरू झाला आणि चतुर्थीच्या आधी संपलाही. सासूबाईंना वाटलं ढकलायची गोळी लागू पडली. मी म्हटलं हो. मोदक मीच केले. विसर्जन झाल्यावर तांबी बसवून घेतली. दहा वर्षं चालते, शंभरात एकीपेक्षाही कमी जणींना दिवस राहतात, संप्रेरक नाही, रोज आठवण ठेवायची नाही. पाळीत अंगावरून जरा जास्त जातं आणि कंबर दुखते, हे खोटं बोलणार नाही. नागमोडी रेघ त्यानंतर एकदाच दिसली.

तुम्ही गोळी सुरू करणार असाल, तर जरूर करा, बहुतेक जणींना ती चालते. फक्त आधी जवळच्या दवाखान्यात बीपी मोजून घ्या. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकत असेल, तर ते सांगा. कुणी विचारलं नाही तरी सांगा.